स्वयंपाकघर नसलेली जागा

गर्भपिशवी काढल्यावर आईची जखम भरली, पण तिचं बोलणं थांबलं. म्हणजे "दूध आलं का", "दार लाव" एवढं ती बोलायची. तांदूळ निवडताना गुणगुणायची सवय होती, ती गेली. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि मी कॉलेजातून आले की घाईघाईने उठून केस बांधायची, चोरी पकडली गेल्यासारखी.

डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, "औषधांनी व्हायचं ते झालं. आता यांना चार दिवस कुठेतरी न्या. झाडं असतील, पाणी असेल, माणसं नसतील अशी जागा. आणि मुख्य म्हणजे तिथे यांना स्वयंपाकघर नसेल."

बाबांना रजा मिळणार होती ती दिवाळीतच. आणि दिवाळीत पनवेलचं घर सोडून जाणं म्हणजे काय, ते पनवेलमध्ये राहणाऱ्यालाच कळेल. मुंबईहून कोकणात निघालेली प्रत्येक गाडी इथूनच जाते, आणि आमचं घर एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. कुणी आंघोळीला थांबायचं, कुणी जेवायला, कुणाची पुढची गाडी चुकली की मुक्कामाला. न थांबता पुढे गेलं तर त्यांना अपमान केल्यासारखं वाटायचं आणि बाबांना तो झाल्यासारखं. "पनवेल वाटेतच आहे," असं सगळे म्हणायचे. आई त्या वाटेवर पोळ्या लाटत उभी असायची.

माथेरान, लोणावळा, सगळीकडे विचारून झालं. मुंबईकरांनी सगळ्या खोल्या कधीच धरून ठेवल्या होत्या. शेवटी बाबांच्या ऑफिसातल्या ओळखीने डोंगरापलीकडच्या एका लहान धरणाजवळचं सरकारी विश्रामगृह मिळालं. दोन खोल्या, मागे जंगल, आणि स्वयंपाकाला खानसामा. बाबांनी हे सांगितलं तेव्हा आई भिंतीकडून वळली.

"तिथे ऐनाची झाडं असतील ना?"

कित्येक आठवड्यांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला ऐन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आमच्या इंग्रजी शाळेत दरवर्षी सहलीवर निबंध असायचा आणि मी दरवर्षी तो न जाता लिहायची. पक्षी किलबिलायचे, झरे खळखळायचे, शेवटी सगळे थकून पण आनंदाने घरी यायचे. माझ्या जंगलांत एकाही झाडाला नाव नव्हतं.

"साल मगरीच्या पाठीसारखी असते," आई म्हणाली. "दाखवीन तुला."

मी बाबांना बजावून ठेवलं होतं, की कुणी विचारलं तर आम्ही घरी नाही एवढंच सांगायचं. कुठे, किती दिवस, काही नाही. बाबांनी मान हलवली होती.

दिवाळीच्या आदल्या रविवारी गिरगावातले मोठे काका आणि काकू आले. यंदा दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं असे सगळे मिळून गावी निघणार होते, भाड्याची मेटॅडोर ठरवली होती. "तुमच्या हातची आमटी खाऊनच पुढे जाणार," काका आईला म्हणाले.

बाबा म्हणाले, "यंदा आम्ही घरी नाही."

काकूंनी कप खाली ठेवला. "का हो भावजी? आमच्यापासून पळून चाललात की काय?"

"छे छे! धरणावर... म्हणजे रेस्टहाउस मिळालंय. दोनच खोल्या आहेत."

"तुम्ही तिघंच ना? मग एका खोलीत काय भुतं झोपवणार?"

काका हसले, म्हणून बाबाही हसले. काका म्हणाले, "अरे, आमच्या रस्त्यापासून किती आत आहे ते? दोन दिवस तिथेच काढू आणि पुढे जाऊ. पोरांना जंगल तरी दिसेल."

आणि बाबा म्हणाले, "या ना. त्यात काय!"

हे ते दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणायचे, विचार न करता, चपला काढाव्यात तसं. तोंडातून गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काकूंनीही पाहिलं. "हिचं तोंड बघा! इंग्रजी शाळेत घातलीत तेव्हाच मी म्हटलं होतं, तिथे माणसांचा कंटाळा यायला शिकवतात."

मी आईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, फक्त तिने काकूंचा कप उचलला आणि विचारलं, "आणखी घेणार?"

ते गेल्यावर आईने माळ्यावरून मोठं पातेलं काढायला सांगितलं. मी म्हटलं, "आई, तिथे खानसामा आहे."

"तीन माणसांपुरता," ती म्हणाली आणि मसाल्याचे डबे कापडात बांधू लागली. बाबा म्हणाले, "मी कळवतो त्यांना, नाही जमत म्हणून." आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते कळवणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

विश्रामगृहावर खानसाम्याने मेटॅडोरमधून उतरणारी माणसं पाहिली आणि चुलीजवळची जागा आईला देऊन टाकली. पहिल्या दिवशी धरणाच्या भिंतीवर पोरांनी फटाके लावले. पक्षी उडाले ते पुन्हा दिसले नाहीत. आवारातही गाड्याच गाड्या होत्या. सुट्टीचे लोक सतरंज्या टाकून पत्ते खेळत होते, कुणाचा तरी टेपरेकॉर्डर चालू होता. आम्ही ज्या गर्दीतून पळालो होतो, ती आमच्या आधीच येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई भांडी घेऊन पाण्यावर निघाली. चौकीदाराची बायको म्हणाली, "बाई, तुमी नका करू, ठेवा तिथं." आई थांबली नाही. मला बरं वाटलं, निदान पाण्याशी तरी पोचेल. मी मागोमाग गेले. पलीकडच्या काठावर झाडांची दाट रांग होती आणि ती पाण्यात उलटी दिसत होती.

"आई, यात ऐन कोणता?"

ती राखेच्या हातांनी पातेलं धरून उभी राहिली. शेजारणीने आग्रह करून लग्नाचे फोटो दाखवावेत आणि आपण ते बघावेत, तशी तिने ती झाडं पाहिली.

"असेल एखादा," ती म्हणाली. "रात्रीला पिठलं पुरेल का गं?"

मग तिने पातेलं पाण्यात बुडवलं आणि पाण्यातली झाडं मोडली.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी विचारलं, "काय, जाऊन आलात ना?"

"हो. छान जागा होती," बाबा म्हणाले. आईनेही मान हलवली. डॉक्टर समाधानाने हसले आणि नवीन गोळ्या लिहू लागले. तो उपायही आता करून झाला होता. पुन्हा सुचवायला काही उरलं नव्हतं.