काचबाईच्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे काचबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते चाले. एकोणीस वर्षं एकाच वाणाच्या पेशी सांभाळणारी, दर दोन दिवसांनी त्यांचं खाणं बदलणारी, पोटच्या मुलीच्या लग्नादिवशीही सकाळी येऊन त्यांच्याकडे बघून गेलेली ही बाई. तिचा हट्ट एकच, की लिपिड काचेच्याच कुपीत ठेवायचं.

हट्ट उगाच नव्हता. लिपिड म्हणजे मेद, आणि तिथे अभ्यास चाले तो एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणाऱ्या मेदाचा. त्याचा रेणू पेशीच्या आत जात नाही. बाहेरच्या आवरणावर त्याची ठरलेली जागा असते. तिथे तो नुसता टेकला तरी आत धावपळ उडते, एक प्रथिन दुसऱ्याला हलवतं आणि पेशीच्या पोटात साठवलेलं कॅल्शियम मोकळं सुटतं. पेशींत आधी खास रंग भरून ठेवला असेल, तर त्या मायक्रोस्कोपखाली हिरव्यागार उजळतात. काचबाईने हे हजारदा पाहिलं होतं, तरी तिला त्याचं अप्रूप होतं.

मग नवे सर आले. त्यांना काच आवडेना. फुटते, धुवावी लागते, वेळ खाते. त्यांनी कुप्या कपाटात बंद केल्या, प्लास्टिकच्या नळ्या मागवल्या आणि त्यांत आठवड्याभराचं लिपिडचं पातळ द्रावण सोमवारीच करून ठेवायचा हुकूम काढला.

"सर, हे प्लास्टिकला चिकटून बसेल हो," काचबाई म्हणाली. "मेद आहे, पाण्यात त्याचा जीव रमत नाही. तेलकट डबा घासून बघा. काचेचा लख्ख निघतो, प्लास्टिकचा बुळबुळीतच राहतो. आणि आपण घालतो ते केवढंसं! सगळं नळीच्या भिंतीलाच गेलं, तर पेशींना काय मिळणार?"

"मावशी, हे स्वयंपाकघर नाही," सर म्हणाले. चारचौघे हसले.

आता यात हसण्यासारखं काय होतं? पण साहेबाने विनोद केला की हसावंच लागतं, मग तो कितीही भिकार असो.

सहा आठवडे एकही पेशी उजळली नाही. सरांनी रंग बदलला, मायक्रोस्कोपचा दिवा बदलला. नळी तेवढी बदलली नाही. शेवटी खापर फुटलं ते काचबाईच्या डोक्यावर. तिच्या हलगर्जीपणामुळे पेशी निकामी झाल्या, असं पत्र वर गेलं. पेशींचा गोठवून ठेवलेला सगळा साठा बुधवारी सरांनी वाफेच्या भट्टीत घालून नष्ट केला, आणि सोमवारपासून तिने भांडारात खोकी लावायची असं ठरलं. तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. पगार तर तोच आहे."

"पगार काय जाळायचाय?" ती कडाडली. "एकोणीस वर्षांच्या कामावर हलगर्जीपणा लिहिलाय त्यांनी! आणि पेशी ठणठणीत होत्या हो. मला दिसतं ना!"

शुक्रवारी तिच्यापाशी पेशींच्या दोनच बश्या उरल्या होत्या. तिने दोन्हींत रंग भरला, मायक्रोस्कोप चालवणाऱ्या बाईकडून अर्धा तास मागून घेतला आणि सरांना बोलावलं. पहिल्या बशीत त्यांच्या प्लास्टिकच्या नळीतलं द्रावण घातलं. काळोख. मग मूळ बाटलीतलं लिपिड तिने त्यांच्यादेखत काचेच्या कुपीत तेवढंच पातळ केलं आणि दुसऱ्या बशीत थेंब सोडला. चार-पाच सेकंद गेले. मग एका कडेपासून उजळत उजळत पडदाभर हिरवं झालं.

सर पडद्याकडे वाकले. "छान," ते म्हणाले. "उद्यापासून काच वापरू."

"कोणत्या पेशींवर?" काचबाईने विचारलं. "साठा तुम्ही बुधवारी भट्टीत घातलात. या दोन बश्या आत्ता खर्ची पडल्या. रंग भरलेल्या पेशींपासून पुढे वाण धरता येत नाही."

सरांचा चेहरा पडला. "दुसरीकडे मिळतील ना?"

"नऊ वर्षांपूर्वी मीच एका संस्थेला दिल्या होत्या. मागायला पत्र लागेल."

"मग काढा ना पत्र. लिहा, तांत्रिक कारणामुळे साठा गमावला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वेळी हलगर्जीपणा, आणि यांच्या वेळी तांत्रिक कारण! तिने कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"तुम्हीच लिहा. पेशी उत्तम होत्या, चूक नळीची होती. मग लिहा, 'मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही आणि पेशी फेकल्या.' खाली सही करा. पहिलं पत्र जिथे गेलंय, तिथे याची एक प्रत जाईल."

"मावशी, एवढं कशाला ताणायचं..."

"लिहा."

सरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ती टेबलाशी उभीच राहिली. लिहून झाल्यावर तिने कागद वाचला. पेशी "गेल्या" असं लिहिलं होतं. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि सरांनी तो खोडून "मी फेकल्या" लिहीपर्यंत उचललं नाही.