कुणाची किडनी चालणार

थोरलीच्या पोटात धाकटीपायी दुखायचं, ते काही आजकालचं नव्हे. धाकटी रांगत होती तेव्हापासूनचं. आई धाकटीला मांडीवर घेऊन साय भरवायची आणि थोरलीला म्हणायची, "तू शहाणी ना? घे बरं आपलं आपण." शहाणी! असलं शहाणपण काय चाटायचंय?

खाऊन खाऊन धाकटी गोल झाली आणि थोरलीला वरचढ ठरायला एकदाची जागा सापडली. कपडे शिवून देणाऱ्या दुकानात ती गिऱ्हाइकांची मापं घ्यायची. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि चाळिशी उलटली तरी कंबर विशीतली. रात्रीचं जेवण तिने कधीच सोडलं होतं. भूक लागली की काळा चहा ढोसायची आणि शिलाई मशीनवरच्या बायकांना ऐकवायची, "शरीर म्हणजे शिस्त, बायांनो. आमची धाकटी बघा, तिचं काही खरं नाही." धाकटी तिकडे रोपवाटिकेत दिवसभर मातीच्या कुंड्या उचलायची, पोटभर जेवायची आणि अंथरुणाला पाठ टेकली की गाढ झोपायची. थोरलीला ती झोपसुद्धा बघवत नसे.

मग आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, पाय सुजले, तोंडाची चव गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलींपैकी कुणाची चालते का बघू या."

थोरलीला आईची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? जीव कासावीस झाला होता तिचा. पण त्या काळजीआडून एक हावरट विचार डोकं वर काढत होता. लाड कुणीही करून घेवो, आईला जगवणार मी! त्या ढोलीला कोण विचारतंय? तपासणीच्या दिवशी धाकटी वजनकाट्यावर चढली तेव्हा थोरलीने मुद्दाम वाकून आकडा पाहिला. "जपून गं, काटा मोडायचा," ती नर्सला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. धाकटी खो खो हसली. या बाईला लागत कसं नाही काही, मेलीला!

निकालाला डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. धाकटीकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमची चालेल. थोडं वजन उतरवा, ऑपरेशनला बरं पडेल. बाकी रक्तदाब, साखर, किडन्या, सगळं ठणठणीत आहे."

"अहो, कागदांची अदलाबदल झाली असेल," थोरली ताडकन म्हणाली. "जाडी ही आहे!"

"कागद बरोबर आहेत. तुमचा रक्तदाब बरीच वर्षं चढलेला असणार. मोजला होता कधी?"

कुठला मोजायला! अख्ख्या गावाची मापं घेणारी बाई, पण स्वतःच्या दंडाला पट्टा म्हणून कधी बांधून घेतला नव्हता. बारीक माणसाला कसला आलाय आजार?

"तुमच्या किडन्यांना थोडा त्रास सुरू झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध घेतलंत, मीठ सांभाळलंत तर निभेल. पण दुसऱ्याला द्यायची नाही."

"म्हणजे लठ्ठपणाचं जे सांगतात ते सगळं थोतांडच म्हणायचं!"

"थोतांड नाही. वजन वाढलं की धोका वाढतोच. पण धोका म्हणजे आजार नव्हे, आणि बारीक असणं म्हणजे तब्येत नव्हे. नुसत्या डोळ्यांनी मलाही कुणाचं काही कळत नाही, बाई."

घरी येईपर्यंत थोरलीचा नुसता तिळपापड झाला. साय हिला, झोप हिला, आणि आता आईला वाचवायचं तेही हिनेच? मी मारे उपाशी राहिले ती कशासाठी?

धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही. खाटेवर पडलेल्या आईला तिने सगळं सांगून टाकलं, थोरलीच्या रक्तदाबासकट. आईने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मग मला नको. माझं काय, आता किती राहिलंय? ती थोरलीसाठी राहू दे. हिला पुढे लागली तर?"

धाकटीचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझी किडनीसुद्धा ताईसाठीच राखायची? लहानपणापासून बघतेय मी! ताईचं अक्षर बघ, ताईची टापटीप बघ, ताई किती शहाणी! मला नुसतं खायला घातलंस, आई. जीव सगळा हिच्यात!" आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

थोरलीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, लाज नंतर वाटली, आधी आनंदच झाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा आईने काहीतरी तिच्यासाठी मागे ठेवलं होतं, आणि धाकटी तिच्यावर जळत होती. आणखी थोडा वेळ हे असंच चालू राहावं असं तिला वाटलं.

पण समोर आईचे पाय होते, टम्म फुगलेले. थोरली खाटेच्या कडेला बसली.

"आई, मला गोळ्यांनी भागेल. तू घे ती."

"आणि नाही भागलं तर?"

"भागेल गं." भागेल की नाही ते तिला कुठे ठाऊक होतं! "आणि नाही भागलं तरी मला हिची नको. तुझ्यासाठी आहे, तू घे."

हे बोलणं तिच्या अगदी जिवावर आलं. आईने रडत रडत हात पुढे केला. तो धाकटीने आधी धरला, आणि थोरलीने धरू दिला.