आपांनी न उपटलेली कोरांटी

ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं दुभाजकावरच्या शोभेच्या झुडपांना रोज टँकर का लागतो, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? नसीमआपांनी विचारलं होतं, भर चौकात. आषाढात लातूरला मला त्यांच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला, ‘अम्मी गेली...’ आणि आधी तो प्रश्नच कानात वाजला, त्यांच्या आवाजात.

देगलूरला आमच्या शेजारी आपा ब्लाउज शिवायच्या. तिथल्या जुन्या कोंडवाड्याच्या भिंतीलगत जांभळी कोरांटी माजली होती. कमरेएवढी, पाऊस हुकला तरी हिरवी, थंडीत फुलांनी भरलेली. पिवळी गावात पुष्कळ, जांभळी फक्त तिथंच. यंदा मृगात रस्ता रुंद करायला जेसीबी आला. मी तावातावानं पत्रक लिहिलं. आपांनी ते नीट वाचलं. ‘चांगलं लिवलंस गं. आता ह्याला मूळ कधी फुटणार?’ आणि कापडाची कात्री घेऊन त्या थेट जेसीबीपुढं उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हसला, ‘आपा, झुडपाचं माप घेताय का?’ ‘हाव. दम धर जरा, कपडा लई हाय.’

कापलेल्या पदरभर काड्या घरी आल्या, मागं जेसीबीनं झुडपं साफ केली. डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली, वाळूमाती भरली, काड्यांची खालची पानं काढून त्या सावलीत खोचल्या, पाणी बेतानं. सगळं बरोबर, फक्त सबुरी नव्हती. रोज सकाळी आपा काडी उपटून बघायच्या.

‘आपा, राहू द्या की.’

‘अगं, मूळ आलंय का बघून राहिले फकत.’

कोवळं मूळ तुटायचं, काडी वाळायची. मी लातूरला परतले तोवर तेलाचा एकच डबा उरला. ‘ह्यो गेला तर देगलुरातनं जांभळी गेली,’ फोनवर म्हणाल्या. त्याच रात्री छातीत कळ आली...

चाळिसाव्याला मी देगलूरला गेले. शिलाई मशीनमागच्या खिडकीत तो डबा होता. सलीम आठवणीनं पाणी घालत होता. प्रत्येक काडीला नवी पानं. माझा हात नकळत काडीकडं गेला. सलीमनं मनगट धरलं. ‘नक्को. अम्मी नव्हती म्हणून तर...’

मी डबा उचलून बुडाकडं पाहिलं. खिळ्याच्या भोकातून पांढरंशुभ्र मूळ बाहेर आलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात देगलूरला या, काडी न्या. घरापुढं लावा, दुभाजकावर लावा, टँकर परत पाठवा. आणि राहवलं नाही तर डबा उचलून बघा. काडी मात्र उपटू नका.