लाइट आली की अप्पांचा हात सुटतो

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते, त्यांनी भांडू दिलं नाही. केजहून बदली होऊन मी सिरसाळ्याच्या शाळेत आले आणि त्यांच्या घराच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली भाड्याने घेतली. आठवडाही झाला नसेल, एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून धपाधप आवाज यायला लागले. बाईमाणसाचं 'हूं, हूं' असं कण्हणं, मधूनच कुणीतरी 'आऽ' करून विव्हळल्यासारखं, आणि पुरुषाचा दबका आवाज, 'घे. अजून घे.' मी ताडकन बाहेर आले. समोरच्या ओट्यावर द्वारकाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर मान वर न करता म्हणाल्या, "भांड्याला भांडं लागायचंच बाई. लाइट आली की अप्पाचा हात सुटतो. गल्लीला ठावं हाय."

गल्लीला ठाऊक असेल, मला ते पचणारं नव्हतं. मी आधीच तोंडाची फटकळ. गेले आणि दार असं बडवलं की कडी आपसूक निघाली. आत काय बघते? पन्नाशीची, अंगाने भरलेली एक बाई, लुगड्याचा काष्टा घट्ट आवळलेला, गळ्यातलं इष्टलिंग पदरात नीट खोचलेलं, दोन्ही हातांत दोन पांढरे दांडके, आणि समोर टीव्हीवर पांढऱ्या कपड्यातला, काळ्या पट्ट्याचा एक आडदांड गडी. बाई ठोसे मारत होती ते त्या गड्याला. पायाखालच्या गादीवर ती पाय आपटे तेव्हा पडद्यावर लाथ बसे. आणि ज्यांच्या नावाने मी शिव्या जुळवत आले होते ते अप्पा स्टुलावर बसलेले, खांद्यावर टॉवेल, हातात 'घे, अजून घे' म्हणून पुढे केलेला पाण्याचा तांब्या. मला बघून ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "या बाई, बसा. जरा दम धरा, तेवढा ह्यो गडी पडू द्या."

गडी पडला नाही. अप्पांच्या बायकोने, महानंदाकाकूंनी, मला पाहिलं, लाजून दांडके टाकले आणि दाराआड गेल्या. तेवढ्यात पडद्यावरच्या गड्याने संधी साधली आणि टीव्हीतून 'आऽ' अशी किंकाळी आली. ती गल्लीभर ऐकू जाणारी किंकाळी ही होती. मी मटकन खाली बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. दाराआडून काकूही हसायला लागल्या. अप्पा तेवढे गंभीर होते. म्हणाले, "हासता काय बाई? लई खोडीचा गडी हाय त्यो."

काकूंना साखर होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आता आमच्याकडे पेठेतल्या घरची बाई रिकाम्या हाताने रस्त्याने चालायला लागली तर काय होतं ते ऐका. पहिल्या दिवशी जो भेटला त्याने कुठं निघाल्या म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी परळीची जीप थांबली, ड्रायव्हरने पोतं उचलून जागा केली आणि चला म्हणाला; नको म्हटलं तर त्याला राग आला. पुढे कुणीतरी काकू रुसून माहेरी निघाल्याची बातमी दुकानावर पोचवली, आणि अप्पा गिऱ्हाईक सोडून धावत आले. काकूंनी चालणं बंद केलं. मग पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने हा कराटेचा खेळ धाडला. टीव्हीला जोडायचा, चार भिंतींच्या आत व्यायाम, कुणाच्या बापाला कळायचं नाही. त्या वर्षांत गावात मोबाईल आले होते, रंगीत टीव्ही आले होते, फक्त वीज यायची नाही. दुपारी दोन-तीन तास लाइट असे, तेव्हा काकू लढत.

अप्पांचं भांड्याचं दुकान होतं आणि माणूस इतका हलक्या हाताचा की पितळी पातेल्यावर पातेलं ठेवलं तरी आवाज होत नसे. गिऱ्हाइकाच्या हातून एखादं ताट निसटून खणाणलं तर हेच दचकत. घरात मोठ्याने बोललेलं मी कधी ऐकलं नाही. असा माणूस बायकोला मारतो म्हणून अख्ख्या पेठेत बोलबाला, आणि त्याला त्याचं काही नाही! मी एकदा चिडून म्हटलं, अहो, सांगा ना लोकांना. तर म्हणाले, "लोकाच्या तोंडाला झाकण बसवायचं म्हणलं, तर तेवढं मोठं झाकण माझ्याच दुकानात न्हाई." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. खरं कारण निराळं होतं. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही अशी काकूंनी त्यांना गळ्यातल्या लिंगाची शपथ घातली होती. पन्नाशीची बाई लाथा झाडते म्हणून बाया हसतील, या भीतीने. शपथ घातली ती काकूंनी, आणि पाळली अप्पांनी, मारकुटा म्हणवून घेऊन.

मला कुणी शपथ घातली नव्हती. मी शाळेत मधल्या सुट्टीत सरळ सांगून टाकलं की अप्पा मारत नाहीत, काकू टीव्हीशी कराटे खेळतात. आणि जो हशा उसळला! एक सर म्हणाले, बाई, शेजारधर्म कळतो आम्हाला, पण थाप मारायची तर जरा पटेल अशी मारा. द्वारकाबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तुम्हाला असं सांगायला काय दिलं अप्पाने, असंही विचारलं. खरं बोलावं आणि कुणी विश्वास ठेवू नये, याचा संताप काय असतो ते मला त्या महिन्यात कळलं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटावी अशी ती गोष्टच नव्हती, आणि खिडक्या तर बंद.

काकूंना मात्र पालवी फुटली होती. साखर उतरली. मांडी घालून बसल्या की हात न टेकता उठायच्या. एकामागून एक गडी लोळवत त्या शेवटच्यापाशी पोचल्या होत्या. तो एक पांढऱ्या दाढीचा, लाल झग्यातला म्हातारा होता. नुसता उभा राहायचा आणि ठोसा आला की बाजूला सरकायचा. काकू त्याला थेरडा म्हणत. स्वयंपाक करतानाही त्यांच्या डोक्यात तोच. भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "बाई, आजवर कुणावर हात उगारला न्हाई मी. त्यो थेरडा एकदा पडला की बस. मंग मला कायबी नको." हे बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मीच थेरड्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

आणि शिवकांताचं स्थळ आलं. शिवकांता म्हणजे अप्पांची धाकटी, माझी लाडकी. बारावी झालेली, चुणचुणीत पोर. स्थळ धारूरचं, कापडाच्या दुकानाचं. मुलाला मुलगी आवडली, तिलाही तो आवडला. घरभर नुसतं हसू पसरलं होतं. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी गावात चौकशी केली. स्टँडवरच्या हॉटेलात विचारलं, पेठेत विचारलं. मग निरोप आला की पुढे बघू. मध्यस्थाने नंतर अप्पांना खरं ते सांगितलं. मुलाची आई म्हणाली होती, ज्या घरात बाईला गुरासारखं मारतात त्या घरची सोयरीक नको, उद्या आमचा पोरगाही सासऱ्याचाच कित्ता गिरवायचा. माणसं चांगली होती, हेच तर वाईट. हुंड्यावरून मोडलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळे झालो असतो.

शिवकांता आतल्या खोलीत तोंड फिरवून पडली होती. दुपारी लाइट आली तेव्हा मी गेले, तर काकू मधल्या घरात उभ्या होत्या, काष्टा आवळून, दांडके हातात घेऊन. अप्पांना म्हणाल्या, "खिडक्या उघडा. माझी शपथ मी सोडली. बोलवा सगळ्यास्नी, बघू द्या."

अप्पा 'लोक हासतील' म्हणत नकाराची मान हलवत राहिले. काकू म्हणाल्या, "हासतील म्हणता? हासू द्या की. तुमी मारता म्हणण्यापरीस मला हासलेलं बरं."

त्या दिवशी अप्पांचा आवाज चढलेला मी ऐकला, पहिला आणि शेवटचा. "मला काय म्हणायचं ते म्हणू दे गावाला! तुला हासलेलं मला सोसायचं न्हाई. माझ्या घरचा तमाशा मी चौकात मांडणार न्हाई." मी मधे पडून बघितलं, धारूरच्या मंडळींना तरी दाखवू म्हटलं. पण ऐकतोय कोण? गरीब माणूस एकदा हट्टाला पेटला की देवाचंही ऐकत नाही.  काकूंनी दांडके, गादी, वायरी सगळं उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलं आणि माळ्यावरच्या पिंपात टाकून झाकण लावलं. अप्पांना वाटलं, प्रकरण मिटलं.

गावालाही तसंच वाटलं. आवाज थांबले तसे लोक म्हणायला लागले की पोरीचं लग्न मोडलं आणि अप्पा सुधारला. ज्यांनी नावं ठेवली तेच आता त्यांचं उदाहरण द्यायला लागले. पुढच्या वर्षी शिवकांताला लातूरचं स्थळ मिळालं, लग्न थाटात झालं. मांडवात द्वारकाबाई मला म्हणाल्या, बघा, माणूस ठरवलं तर बदलतो. मी काय बोलणार, कपाळ!

पण काकूंमधलं काहीतरी त्या पिंपात गेलं ते गेलंच. दुपारी लाइट आली की नुसत्या टीव्हीसमोर बसून राहायच्या. अप्पा म्हणायचे, काढू का खाली? त्या म्हणायच्या, आता नको. साखर पुन्हा चढली, गुडघे धरले, आणि तळपायाला झालेली एक जखम भरेना. अंबाजोगाईला दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा चेहरा सुकून एवढासा झाला होता. मला बघून हसल्या, चादरीतून हात बाहेर काढून मूठ वळली आणि म्हणाल्या, "बाई, थेरडा राहिला बगा." अप्पा पायाशी बसले होते. ते उठून बाहेर गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. शेतात, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे, बसवून माती दिली.

महिना उलटला असेल. मी शाळेतून येत होते, लाइट नुकतीच आली होती, आणि गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थबकले. धपाधप. 'हूं, हूं.' मधेच 'आऽ'. मी धावत सुटले. अप्पांच्या घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, दारही सताड उघडं. आत अप्पा, धोतर वर खोचलेलं, हातात दांडके, समोर लाल झग्यातला तो म्हातारा. अप्पांना काही जमत नव्हतं. ते ठोसा मारेपर्यंत म्हातारा सरकायचा, अप्पा तोल जाऊन भिंतीला टेकायचे, टीव्ही विव्हळायचा. खिडक्यांशी माणसं गोळा झाली होती, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला बघून अप्पा धापा टाकत म्हणाले, "बाई, लोकाच्या तोंडाला झाकण न्हाई म्हणायचो मी. आन् मी सोता घरात काय केलं? जितं माणूस आत घालून वरून झाकण लावलं. ती म्हणत होती, खिडकी उघडा. काहून उघडली न्हाई मी, बाई?"

मी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि स्टुलावर बसले.  

अप्पा पुन्हा टीव्हीकडे वळले. धपाधप सुरू झालं, पुन्हा 'आऽ' आलं, आणि खिडकीतलं हसणं एकेक करून थांबत गेलं. आवाज गल्लीच्या ओळखीचा होता. कितीतरी दुपारी प्रत्येकाने तो आपापल्या घरात बसून ऐकला होता. द्वारकाबाईंचा पदर तोंडावरचा डोळ्यांवर गेला. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं.

"बघा," ते म्हणाले, "असं मारत होतो मी महानंदाला."

आणि लाइट जाईपर्यंत ते त्या थेरड्याला मारत राहिले.