साखरेच्या कपाटाचं कुलूप

जिन्याखालच्या कोनाड्यात तिचं दुकान. उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून किल्लीवाली बसूनच राज्य करायची. समोर यंत्र, त्याला दोन चिमटे: एकात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी. चाक फिरलं की पितळेचा चुरा उडून केसांत बसायचा. "फुकटचे दागिने," ती म्हणायची. ही विद्या बापाने दिली, आणि तिच्याबरोबर एक नियमही दिला: मालक समोर उभा असल्याशिवाय परक्या कुलपाला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक कितीही हातापाया पडो.

तिची लेक चार वर्षांची. सदा साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची, म्हणून तिच्या बापाने नाव ठेवलं मुंगी. या मुंगीचं पोट एकाएकी टणक लागायला लागलं, आणि इस्पितळात मूत्रपिंडाच्या वर गाठ सापडली. ज्या कोवळ्या पेशींनी मोठं होऊन मज्जातंतू व्हायचं, त्यांतल्याच काही वाट चुकून नुसत्या वाढत सुटल्या होत्या. औषधं सुरू झाली, केस गेले, तोंडाची चव गेली. गोड तेवढं घशाखाली उतरायचं.

घरात सत्ता वन्संची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीची. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली बाई. भावजय दुकानात असायची तेव्हा मुंगीचं न्हाणं-माखणं वन्संनीच केलेलं. नवरा बस चालवायचा. दिवसभर तिथे ब्रेक दाबायचा आणि घरी आला की स्वतःचं तोंड.

कुणीतरी वन्संच्या फोनवर पाठवलं की साखर गाठीला पोसते. झालं! डबा, गूळ, बिस्किटं सगळं कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली कमरेला.

"तुझ्या माहेरच्या रक्तातून आलंय ते," वन्सं म्हणाल्या. "आता निदान त्याला खायला तरी घालू नकोस."

मुंगीचे दंड काडीसारखे झाले. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही."

किल्लीवालीने सगळं सांगून टाकलं. कपाटाचं आणि रक्ताचंही.

"तुम्हा दोघांचं रक्त तपासलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्वचित घराण्यातून येतो हा आजार, पण तुमच्याकडे तसं काही नाही. तिच्याच पेशींची नक्कल होताना चूक झाली. पेशींना 'वाढा' म्हणून हुकूम देणारा एक जीन असतो, गाठीत त्याच्या ढीगभर नकला झाल्यात."

"म्हणजे मूळ किल्ली धड होती. चिमटा सरकला."

"तसंच. यात कुणाचाच दोष नाही. आणि गाठ हावरट असते हे खरं, साखर फार खाते. पण तुम्ही साखर तोडलीत तर शरीर स्वतःचं मांस वितळवून साखर बनवतं आणि गाठ आपला वाटा उचलतेच. उपाशी राहते ती पोर."

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" किल्लीवाली ताडकन उठली.

घरी नवरा कुजबुजला, "ताई देवळात गेली की उघड ना. तुला काय अवघड?"

"चोरासारखं? माझ्याच घरात? हट!" तिने हत्यारांची पिशवी कपाटापुढे आपटली. "वन्सं, इकडे या. इथे उभ्या राहा."

"कशाला?"

"मालक समोर लागतो."

"हात तर लावून बघ! मी काय माझ्यासाठी..." वन्सं तरातरा कपाटापाशी आल्या.

"ठाऊक आहे मला. तुमचा जीव आहे तिच्यावर. पण गाठीला भिऊन पोर उपाशी मारायची, हे मी चालू देणार नाही. आणि रक्ताचं म्हणाल तर माझंही तपासलंय, तुमच्या भावाचंही. ही चूक ना माझ्या माहेरची, ना तुमच्या. किल्ली देता की उघडू?"

वन्संनी कमरेवर हात घट्ट धरला. किल्लीवालीने तार घातली, कान लावला, मनगट जरासं वळवलं. खट्.

"एवढंच?" वन्सं अवाक. "चांगलं महागाचं आणलं होतं गं!"

"फसवलं तुम्हाला. आधी मला विचारायचं होतं."

साखर घातलेलं दूध मुंगीने अर्धा पेला प्यायलं आणि सगळं उलटून टाकलं. आता वन्सं बोलणार! वन्संनी मुंगीच्या तोंडाकडे बघितलं, ती ओठांवरचं गोड चाटत होती. त्यांनी पदर खोचला, फरशी पुसली आणि दुसरं दूध गॅसवर ठेवलं.

"पुन्हा द्यायचं. त्या गाठीच्या नाकावर टिच्चून द्यायचं."

इस्पितळात पुढच्या खेपेला वजनाचा काटा खाली गेला नाही, उलट जरासा वरच सरकला. डोस वेळेवर लागला. गाठ होतीच, पुढे ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी कसलाही शब्द दिलेला नव्हता. पण बाटलीतलं औषध थेंबथेंब उतरत होतं, मुंगी बिस्कीट चघळत होती, आणि वन्सं शेजारच्या खाटेवरच्या बाईवर डाफरत होत्या, "फोनवरचं काय ऐकत बसलात? पोराला आधी खायला घाला!"