नारिंगी दोऱ्याची सीट

डुप्लिकेट मालासाठी नाव काढलेल्या उल्हासनगरात कुणी एखादी वस्तू ओरिजिनल म्हणून दाखवली, की आमच्याकडची माणसं आधी हसतात आणि मग हात लावून बघतात. माझ्या नवऱ्याला मात्र त्या दिवशी हसू येत नव्हतं.

हे अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. तरुणपणापासून एकच वेड, दोन सीटची, टप उघडणारी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका जीन्सवाल्या शेठकडे तशी लाल गाडी विकायला निघाली. शेठ चाळीस हजार म्हणत होता, आमच्याजवळ पस्तीस. "ओरिजिनल असली तरच घेईन, नाहीतर पुन्हा नाव काढणार नाही," असं ह्यांनी मला कबूल केलं होतं. मला त्या पैशांत बेलवलीच्या घराला खोली वाढवायची होती. गाडी डुप्लिकेट निघावी म्हणून मी गणपतीला नारळ बोलले होते.

ह्यांनी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. सगळीकडे चिकटलं, म्हणजे आत पुट्टी भरलेली नव्हती. इंजिनचा नंबरही कागदांशी जुळला. दर वेळी ह्यांचा चेहरा असा फुलायचा, की शेठ आता भाव वाढवणार याची मला धास्ती. सौदा करताना आनंद लपवणं ह्यांना उभ्या जन्मात जमलं नाही.

मग मी सीटवर हात फिरवला. दुहेरी टीप, जाड नारिंगी दोरा. मी घरी जीन्सची शिलाई करायचे, हा दोरा रोज हाताखालून जायचा.

"अहो, ही इथेच शिवलीय."

"हां भाभी, अपने कारागीर ने!" शेठ अभिमानाने म्हणाला. "दोनों सीट नया डाला, इसलिए तो चालीस."

ह्यांचा चेहरा उतरला. मला हवं तेच झालं होतं, आणि तेच मला बघवेना.

"जुन्या सीट कुठंयत?" मी विचारलं.

"वो फटेला माल? ऊपर माळे पे पडा है."

सीट खाली आल्या. चामडं फाटलेलं, स्प्रिंगा बाहेर. ह्यांनी तान्हं मूल घ्यावं तशी एक उचलून जवळ घेतली.

"शेठ, नव्या सीट तुम्हीच ठेवा आणि पाच हजार कमी करा," मी म्हणाले.

शेठने कपाळावर हात मारला. "लोग फटा देखके भाव गिराते हैं, तुम फटा मांगके गिराते हो!" पण कबूल झाला.

ह्यांनी जुन्या सीट बसवल्या आणि आम्ही निघालो. बेलवलीपर्यंत स्प्रिंग टोचत होती, मी हूं की चूं केलं नाही. बोललेला नारळ दारात गाडीपुढे फोडला. घरात मशीन असूनही ती सीट मी आजवर शिवलेली नाही.