सात मात्रा आणि मटणाची पंगत

अख्ख्या बिरवाडीतला एकमेव प्रोग्रेसिव्ह रॉक कीबोर्डवादक मीच. (दुसरा कोणी असल्यास त्याने लाजेपोटी सांगितलं नसेल.)

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे एकच गाणं वीस मिनिटं चालतं, ताल सारखा बदलतो आणि मधे मधे चक्क शांतता असते! असली एक रचना मी वर्षभर खपून केली होती. मुंबईच्या एका बँडने कळवलं होतं, "लोकांसमोर वाजवल्याचा व्हिडिओ पाठव. लोक रंगले, तर तू आमचा!" आता लोक आणू कुठून? आमची आईसुद्धा पाचव्या मिनिटाला कुकर लावायला उठते!

अशात तुडीलला आतेबहिणीची हळद आली आणि ब्यान्जोवाल्यांचा टेम्पो पोलादपुरात बंद पडला. मांडव भरलेला, वाजवायला कोणी नाही! माझं नशीबच फळफळलं. व्हिडिओ काढायला माझ्या थोरल्या ताईच्या हातात मोबाईल कोंबला, सोबत आणलेला कीबोर्ड मांडला आणि मी सुरू झालो.

मंडळी हौसेने नाचायला उठली. पण माझा ताल सात मात्रांचा! दर आवर्तनाला सगळ्यांचा एकेक पाय हवेतच.

"ह्यो पाय टाकायचा कुटं रे?" नवरीचा मामा ओरडला.

मी डोळे मिटून वाजवत राहिलो. मग आली पहिली शांतता.

"आटपला!" आत्या गरजली. "बसा रे पंगतीला!"

वाजप थांबलं की पंगत, हा आमच्या हळदीचा रिवाज. पत्रावळी मांडल्या, मटण वाढलं आणि मी दणक्यात दुसरा भाग सुरू केला!

"अजून हाय गो!" पंगत धडपडत उठली. कारण वाजप चालू असताना बसून राहिलं, तर नवरीचा अपमान! पुन्हा शांतता, पंगत बसली. पुन्हा दणका, पंगत उठली!

"बाबू, एकदाचा काय ता ठरव!" आत्या डाव उगारून आली. "मटान निवला!"

शेवटचा सूर विरला आणि मांडवात टाळ्या, शिट्ट्या! आनंदाने माझे डोळे भरून आले. (टाळ्या सुटकेच्या होत्या, हे ताईने नंतर सांगितलं.)

व्हिडिओत माणसं दिसत होती, पत्रावळी नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी बँडचा फोन!

"काय पब्लिक आहे यार! प्रत्येक भागाला उठून उभं राहतं! तू पक्का!"

मी नाचतच (तेही सात मात्रांत) आत्याला फोन लावला. "आत्या, निवड झाली! आता मुंबईत कार्यक्रम!"

आत्या काळजीने म्हणाली, "बाबू, तितंपन मदी मदी मटान वाढनार हायत काय रे? नायतर लोकं थांबायची कशी?"